फेरी आणि फुरसत

यंत्र जितके वेगवान तितके ते चांगले, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. छापखाना घ्या, मोटार घ्या, पिठाची चक्की घ्या. वेग वाढला की गुण वाढला, असा हिशेब आपण मांडतो. परंतु कारखान्यात यंत्रांची एक जात अशी आहे की, तिच्या बाबतीत हा हिशेब पुरा पडत नाही. ही यंत्रे स्वतः माल काढीत नाहीत. माल काढणाऱ्या यंत्रांवर नजर ठेवतात. बॉयलरचा दाब, भट्टीचे तापमान, नळीतून वाहणारे तेल हे सारे ठरल्या मापात ठेवणे हे त्यांचे काम. त्यांना नियंत्रक म्हणतात. नियंत्रकाविषयी विचारायचा प्रश्न 'तो किती वेगवान आहे?' हा नव्हे. 'तो प्रत्येक वेळी वेळेवर पोहोचतो काय?' हा होय. या एका प्रश्नाने अभियंत्यांना गेली साठ-पासष्ट वर्षे कसे शिकविले, ते आज सांगावयाचे आहे. आम्ही अभियंते नव्हे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले, आणि यंत्रांविषयी जे समजले ते पाळी सुटल्यावर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक मंडळींशी बोलून आणि उसन्या आणलेल्या पुस्तकांतून. तरीही या विषयावर बोलण्याचा अधिकार कामगारालाही आहे असे आम्हांस वाटते. कारण हा इतिहास अखेर त्याच्याच दाराशी येऊन थांबतो.

प्रथम नियंत्रक करतो काय ते पाहू. स्वयंपाकघरात एका बाजूला दूध तापत ठेवले आहे, दुसऱ्या बाजूला डाळ शिजत आहे, आणि गृहिणी भाकऱ्या थापीत आहे. ती मधूनमधून दुधाकडे पाहते, उतू जाईल की नाही याचा मनाशी अंदाज घेते, आणि जाळ कमी करते. पाहणे, हिशेब करणे आणि हात चालविणे, अशी ही तीन कामे झाली. ती पुरी झाली की एक फेरी झाली. इंग्रजी जाणणारे तिला 'स्कॅन' म्हणतात. दुधाकडे घडीघडीला पाहावे लागते, डाळीकडे दहा मिनिटांनी पाहिले तरी चालते. आणि शेगड्या चार झाल्या, दारात कोणी हाक मारली, तर अनुभवी बाईचीही फेरी चुकते व दूध उतू जाते. तिचा हात मंद असतो म्हणून नव्हे. दुधाची वेळ आणि दुसऱ्या कामाची वेळ एकाच क्षणी आली म्हणून. नियंत्रकाचा सारा प्रश्न या एका दृष्टांतात आहे.

गणकयंत्रे येण्यापूर्वी हा प्रश्न कारखान्यात या रूपाने नव्हता. तेव्हा दाबाच्या हवेवर चालणारे नियंत्रक असत. एका व्हॉल्व्हला एक नियंत्रक, दहा व्हॉल्व्हना दहा. मोजमाप, नियंत्रक आणि व्हॉल्व्ह मिळून जे वर्तुळ होते त्याला 'लूप' म्हणतात; तेव्हा प्रत्येक लूपला स्वतंत्र पहारेकरी होता. त्याला दुसरे कामच नसल्यामुळे तो अखंड पाहत राही. फेरी नव्हती, म्हणून फेरी चुकण्याची भीतीही नव्हती. पॅनेलवर ओळीने डबे बसविलेले असत आणि ऑपरेटर त्यांच्यासमोरून हिंडत वहीत आकडे उतरवी. यात दोष एवढाच की, लूप वाढला की डबा वाढे आणि डबा वाढला की खर्च वाढे.

पहिला मोठा प्रयोग झाला अमेरिकेत, टेक्सास राज्यातील पोर्ट आर्थर येथील टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात. थॉमसन-रॅमो-वुलड्रिज कंपनीचे आर. डब्ल्यू. ३०० हे गणकयंत्र तेथील पॉलिमरायझेशन विभागावर मार्च १९५९ मध्ये प्रत्यक्ष कामाला लागले. ते २६ प्रवाह, ७२ तापमाने, ३ दाब आणि ३ रासायनिक प्रमाणे सांभाळी. आता त्या पिढीच्या यंत्रांची चाल ऐका. दोन आकड्यांची बेरीज करायला सुमारे एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग लागे, आणि गुणाकाराला सुमारे वीस मिलिसेकंद. आजच्या मानाने ही गोगलगाय होय. शिवाय पन्नास-शंभर तास चालले की त्यात काहीतरी बिघाड व्हायचाच. अशा यंत्राच्या हाती तेलाचा कारखाना दिला कसा? याचे उत्तर त्या अभियंत्यांच्या शहाणपणात आहे. त्यांनी व्हॉल्व्ह यंत्राच्या हाती दिलेच नाहीत. हवेवर चालणारे जुने नियंत्रक जागच्या जागी ठेवले, आणि त्यांनी कोणते माप राखावे एवढेच गणकयंत्राने सांगावे अशी व्यवस्था केली. घाईचे काम घाईने करणाऱ्याकडे, विचाराचे काम सावकाश विचार करणाऱ्याकडे! भार आणि वेळ यांची सांगड घालण्याचा हा पहिला धडा.

पुढचे पाऊल इंग्लंडात पडले. लँकेशायरमधील फ्लीटवुड येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचा सोडा ॲशचा कारखाना होता. १९६२ साली तेथे फेरँटी कंपनीच्या आर्गस या गणकयंत्राने २२४ मोजमापे घेऊन १२९ व्हॉल्व्ह थेट स्वतःच्या ताब्यात घेतले. मधले हवेचे नियंत्रक गेले. कारण पैशाचे होते. डब्यांचा खर्च लुपागणिक वाढतो. गणकयंत्र एकदा महाग पडते, परंतु त्यावर आणखी एक लूप चढविण्यास फारसे काही लागत नाही. अगदी याच सोयीत धोका दडलेला होता. आणखी एक लूप चढविण्यास पैसा लागत नाही, पण वेळ लागतो. आणि तो वेळ खरेदीच्या बिलात दिसत नाही. पूर्वी एकशे एकोणतीस पहारेकरी होते, आता एकच, आणि तो साऱ्यांच्या दारांवरून फिरणारा. फेरीचा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मला तो येथे.

मग अभियंत्यांनी फेरीचे शास्त्र बसविले. ते कठीण नाही. पाटीवर मांडता येईल असे आहे. नळीतील प्रवाह क्षणात बदलतो, म्हणून त्याच्याकडे दर सेकंदाला पाहावे. दाब आणि टाकीतील पातळी यांच्याकडे सुमारे पाच सेकंदांनी. तापमान जड असते, सावकाश हलते. त्याच्याकडे वीस सेकंदांनी पाहिले तरी पुरे. त्या काळचे हे साधारण माप होते. कामाच्या स्वभावाप्रमाणे फेरी ठरवावी, सर्वांना एकच फेरी लावू नये, हा दुसरा धडा.

तिसरा धडा जरा बारीक आहे. समजा, एका कारखान्यात प्रवाहाचे ४० लूप आहेत आणि तापमानाचे ६०, आणि प्रत्येकाचा हिशेब करायला गणकयंत्राला १० मिलिसेकंद लागतात. प्रवाहांसाठी दर सेकंदाला ४०० मिलिसेकंद गेले. तापमाने वीस सेकंदांनी पाहायची. पण ती साठच्या साठ एकाच सेकंदात पाहायला घेतली, तर त्या सेकंदात आणखी ६०० मिलिसेकंद लागतील. चारशे आणि सहाशे मिळून हजार. म्हणजे तो सेकंद काठोकाठ भरला. त्याच वेळी एखादा अलार्म वाजला, छपाईचे काम निघाले, तर फेरी चुकलीच! आता तीच साठ तापमाने वीस सेकंदांत वाटून द्या, दर सेकंदाला तीन. मग प्रत्येक सेकंदात ४३० मिलिसेकंद काम आणि ५७० मिलिसेकंद मोकळे. काम तेच, यंत्र तेच. गंमत अशी की, वीस सेकंदांची सरासरी काढली तर दोन्ही व्यवस्थांत भार ४३ टक्केच येतो. एकीत यंत्र दर वीस सेकंदांनी गुदमरते, दुसरीत कधीच गुदमरत नाही. आणि सरासरीला याचा पत्ताही नसतो. 'सरासरीवर जाऊ नका, सर्वांत वाईट फेरी पाहा', हे वाक्य आज कोणत्याही जाणत्या इन्स्ट्रुमेंट अभियंत्याच्या तोंडी आहे. सरासरी उत्पादनाच्या आकड्यावर ज्यांनी वाटाघाटी केल्या आहेत, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

वाटून देण्यालाही मर्यादा आहे. काही लूप एकमेकांत गुंतलेले असतात. भट्टीच्या तापमानाचा हिशेब इंधनाच्या प्रवाहाला हुकूम देतो. हुकूम देणाऱ्याचा हिशेब आधी आणि ऐकणाऱ्याचा नंतर झाला पाहिजे. क्रम उलटला तर ऐकणारा मागच्या फेरीचा शिळा हुकूम पाळीत बसतो. शिवाय फेरी जितकी लांब तितकी बातमी शिळी. वीस सेकंदांची फेरी म्हणजे हाती असलेले माप सरासरीने दहा सेकंद जुने. शिळ्या बातमीवर जोराने हात चालविला तर कारखाना स्थिर होण्याऐवजी झोके खाऊ लागतो.

अशाच प्रकारची, पण निराळ्या घराण्यातील यंत्रे याच सुमारास जन्मली. मोटारीच्या कारखान्यांत तेव्हा रिलेंनी भरलेली कपाटे असत. दरवर्षी गाडीचा नमुना बदलला की ही कपाटे सोडून नव्याने तारा जोडाव्या लागत. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला यावर उपाय हवा होता. मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्स या लहानशा संस्थेतील डिक मोर्ले यांनी १ जानेवारी १९६८ रोजी आपली कल्पना कागदावर मांडली, आणि १९६९ मध्ये मॉडिकॉन ०८४ हे यंत्र आले. संस्थेचे हे चौऱ्याऐंशीवे काम, म्हणून ०८४. आज आपल्या औद्योगिक वसाहतींत पी. एल. सी. या नावाने जे यंत्र जिकडेतिकडे दिसते, त्याचे हे पूर्वज. हे यंत्र आधी बाहेरच्या सर्व खुणा एकदम टिपून घेते, मग शिडीच्या पायऱ्यांसारखा लिहिलेला कार्यक्रम वरून खाली वाचते, मग सर्व हुकूम एकदम बाहेर सोडते, आणि पुन्हा आरंभापासून सुरू करते. कार्यक्रम लांबला की फेरी लांबते. ३० मिलिसेकंदांची फेरी असेल आणि पट्ट्यावरून जाणारी बाटली डोळ्यासमोर १० मिलिसेकंदच राहत असेल, तर ती दोन टिपणांच्या मधून निसटून जाते. यंत्राच्या लेखी ती बाटली जगात नाहीच! आणि टिपून झाल्यावर लगेच एखादी खूण आली, तर तिला ही फेरी संपेपर्यंत थांबावे लागते. तिचे उत्तर पुढच्या फेरीच्या शेवटी, म्हणजे दोन फेऱ्यांनी. म्हणून या यंत्रांत एक पहारेकरी घड्याळ बसविलेले असते. ठरल्या वेळेत फेरी पुरी झाली नाही तर ते यंत्राला कामच करू देत नाही. त्याला सुरक्षित स्थितीत नेऊन थांबवते. थकलेल्या पहाऱ्यापेक्षा बंद दरवाजा बरा, हा त्यातला विचार.

एक उदाहरण कारखान्याबाहेरचे आहे, परंतु त्यावाचून ही कथा अपुरी राहील. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या गणकयंत्राने १२०२ आणि १२०१ या क्रमांकांचे धोक्याचे इशारे दिले. अर्थ असा, की काम फार झाले, हातची जागा संपली. त्या घटकेला गरज नसलेल्या एका रडारच्या जोडणीतून निरर्थक खुणा येत होत्या आणि यंत्राचा सुमारे सातवा हिस्सा वेळ खात होत्या. यान कोसळले नाही. कारण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत हॅल लॅनिंग यांनी कामे महत्त्वाप्रमाणे लावण्याची व्यवस्था आधीच करून ठेविली होती. भार अतोनात झाला तेव्हा यंत्राने सर्व कामे पुन्हा नव्याने सुरू केली आणि कमी महत्त्वाची मागे टाकली. यान उतरविण्याचे काम थांबू दिले नाही. ओझे फार झाले तर काय खाली ठेवायचे हे आधी, शांतपणे ठरवून ठेवावे, हा या प्रसंगाचा धडा.

चार वर्षांनी या साऱ्या अनुभवाला गणिताचा आधार मिळाला. लिऊ आणि लेलँड या दोघांनी १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा : एकाच यंत्राला ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावयाची अनेक कामे दिली, ज्याची फेरी लहान त्याला पहिला मान दिला, आणि मध्येच हातचे काम थांबविण्याची मुभा ठेवली, तर किती भारापर्यंत कोणतेही काम चुकणार नाही अशी हमी देता येईल? कामे पुष्कळ असली तर उत्तर आले सुमारे ६९ टक्के. त्यापलीकडे गेले की यंत्र चुकेलच असे नाही. परंतु आता आंधळेपणाने हमी देता येत नाही, कामे एकेक करून तपासावी लागतात. कामांचा मान दर क्षणी बदलत ठेवला, ज्याची मुदत जवळ त्याला पुढे केले, तर शंभर टक्क्यांपर्यंत जाता येते, हेही त्यांनी दाखविले. पण ते सर्व हिशेब अचूक असतील तर. आणि कारखान्यात अचानक येणारे काम कोणाच्या हिशेबात असते? म्हणूनच नियंत्रक विकत घेताना प्रोसेसरचा भार अमुक टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी अट घालण्याचा रिवाज पडला आहे. पन्नास-साठ टक्के हे आकडे अशा कागदांत नेहमी दिसतात. म्हणजे यंत्राची फुरसत करारात लिहिलेली असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

१९७५ मध्ये अमेरिकेत हनीवेल कंपनीने टी. डी. सी. २००० ही व्यवस्था आणली आणि जपानात योकोगावा कंपनीने सेंटम. एका मोठ्या गणकयंत्रावर सारा कारखाना टांगण्याऐवजी लहान लहान नियंत्रक वाटून दिले. हनीवेलच्या एका नियंत्रकावर आठ लूप असत. एक पडला तर आठ लूप अडतील, कारखाना नव्हे. भार वाटला गेला, फेरी आखूड झाली, धोकाही वाटला गेला. इतिहास येथे संपला असता तर तो मोठा सुखान्त झाला असता.

परंतु नियंत्रकाच्या पलीकडे आणखी एक फेरी असते, आणि तिचा हिशेब कोणी मांडला नव्हता. ती पॅनेलसमोर बसलेल्या माणसाची. तोही पाहतो, हिशेब करतो, हात चालवितो. हवेच्या काळात प्रत्येक अलार्मसाठी दिवा लावावा लागे, तार ओढावी लागे; म्हणून अलार्म मोजके असत. गणकयंत्रात अलार्म वाढविण्यास काहीच लागत नाही. लुपांची जी कथा फ्लीटवुडला झाली, तीच आता अलार्मची झाली. फरक इतकाच की, ज्याच्यावर हा भार पडला त्याला पहारेकरी घड्याळ बसविलेले नव्हते.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात अपघात झाला. आरंभीच्या काही मिनिटांतच शंभरावर अलार्म उठले. अलार्मची नोंद छापणारे यंत्र मागे पडत पडत घटनांच्या अडीच तासांहून अधिक मागे गेले, आणि मध्ये एकदा अडकलेही. माणसे अणुभट्टी सांभाळीत होती आणि कागद त्यांना सकाळच्या बातम्या दुपारी देत होता.

२४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, सकाळी विजांच्या वादळाने घडी बिघडल्यावर सुमारे पाच तासांनी मोठा स्फोट झाला. २६ जण जखमी झाले. जिवावर कोणाच्या बेतले नाही हे नशीब. एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता, आणि पडद्यावर तो उघडा दिसत होता. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. भागाकार करून पाहा. मिनिटाला पंचवीस, दर अडीच सेकंदांना एक. तापमानाच्या लूपला यंत्राने वीस सेकंदांनी एकदा पाहिले तरी चालते असे ज्यांनी ठरविले, त्यांच्याच धंद्यात माणसाने अडीच सेकंदांत अलार्म वाचावा, समजावा, मान्य करावा आणि त्यावर इलाज करावा अशी अपेक्षा होती. त्यातून बहुसंख्य अलार्म वरच्या महत्त्वाचे म्हणून नोंदलेले. चंद्रावर उतरणाऱ्या यंत्राला खाली काय ठेवायचे ते ठरवून दिलेले होते. या दोघांना तेवढेही दिलेले नव्हते. या अपघाताच्या सरकारी चौकशीनंतर, १९९९ मध्ये, ब्रिटनमधील यंत्रसामग्री वापरणाऱ्या उद्योगांच्या संघटनेने अलार्मविषयी मार्गदर्शिका काढली. एरवीच्या शांत स्थितीत एका ऑपरेटरपुढे दहा मिनिटांत एकापेक्षा अधिक अलार्म येऊ नये, असे माप तिने सुचविले. यंत्राच्या फेरीचा हिशेब १९६२ पासून होता. माणसाच्या फेरीचे असे माप कागदावर येण्यास १९९९ उजाडले.

मुंबईच्या गिरणगावाला मात्र ही गोष्ट पूर्वीच कळली होती, निराळ्या भाषेत. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने मुंबईच्या गिरण्या संपाने बंद होत्या. मजुरीचे प्रश्न होतेच. पण दुसरा मोठा प्रश्न होता तो काही गिरण्यांनी आणलेल्या नव्या पद्धतीचा. दोन मागांच्या जागी विणकराने तीन माग सांभाळावेत, सूत काढणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात. आता विणकर करतो काय? मागांमधून फिरतो, तुटलेला धागा पाहतो, माग थांबवितो, गाठ मारतो, पुढे जातो. ती फेरीच होय. माग वाढला की फेरी लांबते. सूत हलके असले की धागे अधिक तुटतात. आणि दोन मागांवर धागा एकाच वेळी तुटला तर एक माग खोळंबतो. मजुरी कापडावर असल्याने तो खोळंबा विणकराच्याच पदरी पडतो. मालक सरासरी मांडीत होते. विणकर सर्वांत वाईट फेरी सांगत होता. त्याच १९२८ साली अमेरिकेत हॅरी नायक्विस्ट यांनी तारायंत्राच्या खुणांवरचा तो निबंध प्रसिद्ध केला, ज्यातून पुढे किती वेळाने पाहिले म्हणजे बदल निसटणार नाही याचे गणित वाढले. गिरणगावात तो निबंध कोणी वाचला नव्हता. पायांनी फेरी मारणाऱ्याला तिचा हिशेब पायांनीच कळला होता.

यंत्राविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. किंबहुना इतक्या सावधपणे आपल्या यंत्रांना वागविणाऱ्या अभियंत्यांविषयी आम्हांस आदरच वाटतो. प्रोसेसर चाळीस टक्के मोकळा बसला आहे म्हणून त्याला कोणी आळशी म्हणत नाही. तो मोकळा वेळ अपघाताच्या घटकेसाठी राखून ठेविला आहे हे सर्वांना पटते. मग कंट्रोल रूममध्ये शांत बसलेल्या ऑपरेटरकडे बोट दाखवून 'याला काय काम?' असे का विचारले जाते? तो शांत दिसतो ती वेळ त्याच्या फुरसतीची नव्हे, कारखान्याच्या फुरसतीची असते. दोन पॅनेलांवर दोन माणसे होती, तेथे एक ठेवण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा नेहमीच्या दिवसाची सरासरी पुढे केली जाते. आमचे कामगार बंधूंना सांगणे असे की, अशा वेळी रागावू नका, मोजा. मागच्या वर्षातील सर्वांत वाईट तास काढा. त्या तासात किती अलार्म आले, किती फोन आले, किती व्हॉल्व्ह हाताने फिरवावे लागले, ते लिहून काढा. ही नोंद बहुधा त्याच गणकयंत्रात पडून असते. आणि वाटाघाटीच्या टेबलावर एवढेच मागा, की जी अट प्रोसेसरच्या करारात आहे ती माणसाच्या करारातही असावी : भाराची वरची मर्यादा, आणि भार चढला तर कोणते काम खाली ठेवायचे याचा आधी झालेला निर्णय.

ही मागणी दयेची नाही. साठ वर्षांच्या अभियांत्रिकीने काढलेला तो निष्कर्ष आहे, आणि तो केवळ कामगाराच्या हिताचा नाही. कारखान्याच्या कुंपणाला लागून वस्ती असते, शाळा असते. त्या वस्तीची झोप शेवटी एका फेरीवर अवलंबून आहे. ती फेरी वेळेवर पुरी व्हावी असे वाटत असेल, तर फेरी मारणाऱ्याला थोडी फुरसत असली पाहिजे.